सुजलेला अंगठा आणि वाटीभर सूप

आमच्या ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालभडक झालाय. पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, युरिक ॲसिड वाढलंय, मटण-बिअर बंद, पोट कमी करा. सासऱ्यांनाही हेच होतं, म्हणून थोडं आनुवंशिकही असेल म्हणाले. ह्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं. "घराण्यातलंच आहे, मी काय करणार?" कारणं चार सांगा, माणूस नेमकं हातात नसलेलं उचलतो.

आज नणंदबाई दादासाठी मायेनं बोकडाच्या पायांचं सूप घेऊन आल्या, पायाच्या दुखण्याला चांगलं म्हणून! कप्पाळ! हे भुरके मारत बसले. वाटी पुढे करून म्हणाले, "अजून आहे का गं?"

मी चडफडत वाढलं. सासूबाईंनीही सासऱ्यांना असंच वाढलं असणार.