पेळ्ळी पाटलू आणि कोरी फाईल

आमच्या घरात तेलुगू बोलतात आणि मराठी लिहितात. पणजोबा विणकामासाठी सोलापुरात आले तेव्हा भाषा सोबत आली, लिपी मागेच राहिली. त्यामुळे आई लग्नातली तेलुगू गाणी उतरवून ठेवू लागली, ती देवनागरीत आणि माझ्या कॉम्प्युटरवर. ही गाणी येणारी आता घरात ती एकटीच. मी ज्यात कोडिंग करते तो एडिटरच, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅमच, तिला दिला. हवा तसा बदलून घेता येतो म्हणून माझा त्याच्यावर भारी जीव.

एका सकाळी आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "गेलं की सगळं. आता मी काय लिहीत नाय बघ."

जाऊन पाहिलं तर स्क्रीनवर कोरं पान. तिने फाईलचं नाव टाकलं होतं 'पेळ्ळि पाटलु', म्हणजे लग्नाची गाणी. आधी मात्र तिनेच ते 'पेळ्ळी पाटलू' असं लिहिलं होतं. देवनागरीतल्या तेलुगूला कसलं आलंय शुद्धलेखन! पण दिलेल्या नावाची फाईल सापडली नाही की आमचे एडिटरराव नवी फाईल उघडून गप्प बसतात. तळाशी बारीक अक्षरात तेवढं सांगतात, झालं. मला असा राग आला त्याचा.

गाणी मी लगेच काढून दाखवली, तरी आईची भीती जाईना. ती कॉम्प्युटरकडे फिरकेना. मग मी कंबर कसली. ह्रस्व-दीर्घ सोडून नाव जुळत असेल तर आधी 'हीच का?' असं विचारायला एडिटरला शिकवलं. सोबत वापरणाऱ्यांसाठी माहितीही लिहिली: 'अस्तित्वात नसलेल्या फाईलचे नाव दिल्यास...'

आईने वाचून नाक मुरडलं. "हे काय कचेरीतलं लिहिलंस? लिही, कोरं पान दिसलं तर घाबरू नका. नाव चुकलंय, गाणी तिथंच हायत."

तस्संच लिहिलं, 'हायत'सकट. मग ती पुन्हा बसली. नाव मुद्दाम चुकवून पाहिलं. एडिटरने विचारलं, 'हीच का?'

"व्हय रे बाबा," ती त्याला म्हणाली. मला इतकं बरं वाटलं!

थोड्या वेळाने हाक आली. "अगं, ह्याला विचार की, नवरीला निरोप देतानाच्या गाण्यात तिसरी ओळ काय हाय?"

"त्याला कुठून माहीत असणार, आई?"

"अक्काला येत होती."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. ती मागच्या वर्षी गेली. आईने एका ओळीची जागा सोडली आणि चौथी ओळ लिहायला घेतली.