हात मावशीचे, पंप गाडीचा

मावशी गेली तेव्हा जो भेटायला आला तो तिच्या हातांबद्दलच बोलला. कुणी म्हणालं काय हात होते बाईचे, कुणी म्हणालं तिने मनगट धरलं की माणूस जागचा हलायचा नाही. खरंच होतं ते. आमच्या मावशीची लाँड्री होती. पुढे काउंटर, मधल्या खोलीत मशीन, मागे दोऱ्या बांधलेलं अंगण. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, लोकांचे पडदे, सगळं यायचं. आणि ते आणायला-पोचवायला एक जुनी व्हॅन, ती काका गेल्यापासून मावशीच चालवायची. तिला त्या व्हॅनमधून उतरवायला घरचेच निघाले होते, आणि ती कशी उतरली नाही, ते सांगायचंय.

झालं असं, की त्या वर्षी स्टिअरिंग जड व्हायला लागलं. एकदम नाही, हळूहळू, एखादं माणूस मनातल्या मनात रुसत जातं तसं. आधी फक्त सकाळी गाडी काढताना जोर लागायचा. मग गल्लीत वळवतानाही लागायला लागला. मोठ्या रस्त्यावर गाडी पळत असली की ठीक, हळू झाली की दगड. मावशी कुणाला बोलली नाही. साठी उलटलेली, खांदा थंडीत ठणकायचा, तिला वाटलं वय झालं आपलं. दात आवळून दोन्ही हातांनी ओढून वळवायची आणि घरी येऊन गुपचूप खांद्याला मलम चोळायची. सुनेला मलमाचा वास यायचा. सून विचारायची नाही, मावशी सांगायची नाही.

मग एक दिवस दवाखान्याच्या फाटकातून वळताना व्हॅनचा पत्रा खांबाला घासला. हातभर ओरखडा. खांबाला काही झालं नाही, पण वॉचमनने मुलाला फोन केला, कारण व्हॅनवर नंबर मुलाचा रंगवलेला.

हा मावशीचा मुलगा, एकुलता एक, बँकेत आहे. वाईट नाही हं तो. आईवर भारी जीव त्याचा, पण जीव असला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की हुकूम सोडतो. जेवताना त्याने विषय काढला. म्हणाला आज खांब होता, उद्या माणूस असेल. ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, सोमवारपासून येईल, मी शब्द देऊन बसलोय. मावशी म्हणाली अरे, स्टिअरिंग जड झालंय. तर तो हसला.

"आई, नाचता येईना अंगण वाकडं. स्टिअरिंग तेच आहे. हात थकले तुझे."

मावशीने हातातला घास ताटात ठेवला. जिच्या नाकावर माशी बसली तर माशीची खैर नसायची ती बाई गप्प राहिली, म्हणून सगळ्यांनाच कसंतरी झालं. ती गप्प राहिली कारण तिला स्वतःलाच पटल्यासारखं झालं होतं. तेच तिला जास्त लागलं. गाडी नसेल तर मग काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, पावत्या फाडायच्या, आणि कुणीतरी हात धरून आत न्यायची वाट बघायची.

सकाळी अंगणात चादरी पिळायच्या होत्या. जुन्या चादरी आणि पातळ पडदे मशीनमध्ये पिळले की फाटतात, म्हणून ते हाताने. समोरासमोर उभं राहून दोघांनी दोन टोकं धरायची आणि उलटसुलट पीळ देत जायचं. चादरीची काठी होते पार. ज्याची पकड आधी सुटते त्याच्याकडे ती गरकन फिरते आणि पाणी अंगावर उडतं. त्या घरात याची गंमतच चालायची, मावशीसमोर आजवर कुणी टिकलं नव्हतं.

त्या दिवशी समोर सून होती. पहिल्या चादरीला सुनेचा हात सुटला. दुसरीलाही. तिसरीला सून म्हणाली, अहो आई, मी भिजून चिंब झाले, आता बास. मावशी मात्र आपल्या पंजांकडे बघत उभी, जणू कुणा दुसऱ्याचे आहेत. तेवढ्यात मुलगा ऑफिसच्या कपड्यांत दारात आला. मावशी म्हणाली, ये, हे टोक धर. तो म्हणाला आई, उशीर होतोय. ती म्हणाली धर रे, आईचे हात थकलेत, तेवढीच मदत. त्याने बॅग ठेवली आणि धरलं. मावशीने पीळ दिला, त्याने दिला, मावशीने अजून दिला. मग चादर त्याच्या हातातून अशी सुटली की कडक इस्त्रीच्या शर्टाची दशा झाली.

तो हसला, म्हणाला चादर वेगळी, रस्ता वेगळा. आणि शर्ट बदलायला आत गेला. पण मावशीला जे बघायचं ते बघून झालं होतं. हात जागेवर होते. म्हणजे गाडी जागेवर नव्हती.

लगेच तिने व्हॅनचं बॉनेट उघडलं, सुनेला सीटवर बसवलं आणि इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. फिरवलं की आतून कण्हल्यासारखा आवाज. थांबलं की कण्हणं बंद. मावशीने स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला. तेल काळं आणि करपलेलं.

"पंप गेलाय," ती म्हणाली. "आणि मी खुळी, खांद्याला मलम लावतेय."

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा दोन मुठींएवढा पंप असतो. तो तेल ढकलतो आणि त्या जोरावर चाकं वळतात. आपण नुसतं खुणावायचं, काम तेल करतं. पंप दमला की सगळा भार माणसाच्या हातावर. हे तिला कुठून माहीत, तर काका गाडीचं सगळं घरीच करायचे आणि मावशी टॉर्च धरायची. ती म्हणायची, पाना फिरवणाऱ्याला फक्त बोल्ट दिसतो, टॉर्च धरणाऱ्याला सगळी गाडी दिसते.

गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला पुढच्या आठवड्यात आणा, आत्ता उभं राहायला जागा नाही. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर गाडीत बसलेला असणार. एकदा दुसऱ्याच्या हातात चावी गेली की ती परत येत नाही, हे मावशीला पक्कं माहीत होतं. म्हणून सुनेने स्पेअर पार्टच्या दुकानातून पंप आणला, पट्ट्याची पुली बसवलेलाच, आणि रविवारी सकाळी मावशी बाह्या दुमडून अंगणात उभी राहिली. काकांची पेटी उघडली. पाने सगळे जागेवर. पुसून ठेवायची ती दर महिन्याला, वापरत नसली तरी.

मुलगा दारात हाताची घडी घालून उभा. म्हणाला, खेळणं आहे का ते? मावशी म्हणाली, खेळणं असतं तर तुला दिलं असतं.

बॅटरीची तार काढली, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून टेकू म्हणून लोखंडी घोडे लावले, खाली परात सरकवली. सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता, त्यातला माणूस असा भरभर बोलायचा की मावशी म्हणाली याची गाडी सुटतेय, बंद कर. पट्टा ढिला करून उतरवला. जुनं तेल परातीत आलं, उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं. दाबाच्या पाइपचा बोल्ट काही केल्या सुटेना. मावशीने पान्याला लोखंडी नळी अडकवून लांब केला आणि चादर पिळतात तसा खांदा घालून जोर दिला. कट्ट आवाज झाला. मुलाला वाटलं हाड मोडलं, धावत आला. बोल्ट सुटला होता.

तो आलाच होता, मग मावशीने टॉर्च त्याच्याच हातात दिला.

नवा पंप बसवताना तांब्याची एक वॉशर हातातून निसटून इंजिनात पडली. दिसत होती, पण बोट जाईना. शेजारचे घड्याळवाले मघापासून कुंपणावरून सल्ले देत होते, त्यांना मावशीने आत बोलावलं. ते डोळ्याला भिंग लावून, चिमटा घेऊन आले, आणि ऑपरेशन करावं तसं वाकून वॉशर उचलून दिली. वर म्हणाले, एवढं मोठं घड्याळ मी आयुष्यात उघडलं नव्हतं. मावशी म्हणाली, आता वेळही तुम्हीच सांगा, चहा कधी ठेवायचा.

बोल्ट आवळले, पाइप जोडले, पट्टा चढवला, नवं लाल तेल भरलं. मग मुलाला सीटवर बसवून सांगितलं, इंजिन चालू करायचं नाही, नुसतं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. पाइपात हवा असते, ती अशी बाहेर काढावी लागते. तो फिरवत राहिला, मावशी डबीत डोकं घालून तेल टाकत राहिली. बुडबुडे येत होते. त्याच्या कपाळावर घाम आला. म्हणाला, हे रोज चालवत होतीस तू? मावशीने अजून थोडं तेल ओतलं.

बुडबुडे थांबले तशी चाकं खाली घेतली आणि इंजिन चालू केलं. पंप किंचाळला. डबीतलं तेल गुलाबी झालं, फेस वर वर येत झाकणाबाहेर आला. स्टिअरिंग पहिल्याएवढंच जड. मुलाच्या तोंडावर सोमवार दिसत होता. सून म्हणाली, आई, अजून तेल घालू का? घड्याळवाले म्हणाले, जोरात रेस द्या, आपोआप जाईल.

मावशी म्हणाली, इंजिन बंद. कुणी हात लावायचा नाही.

फेस तिला नवीन नव्हता. मशीनमध्ये साबण जास्त पडला की असाच फेस बाहेर येतो. नवशिका घाबरून मशीन अजून फिरवतो, मग फेस अख्ख्या खोलीत. जाणता माणूस बटण बंद करतो आणि बसतो. फेस म्हणजे हवा, आणि हवेला घाई केलेली चालत नाही. तर सगळे अंगणात बसले, चहा झाला, कपडे दोरीवर वाळत होते. मावशीने डबीत पाहिलं. तेल पुन्हा लाल, स्वच्छ, खाली बसलेलं.

पण ती तशीच उभी राहिली. बुडबुडे काढल्यावर एवढा फेस का? हवा आतून आली नसेल तर बाहेरून येत असणार. मुलाकडून टॉर्च घेऊन तिने डबीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. क्लिप जुनीच लावली होती. सकाळी तिला वाटलं होतं, चांगली तर आहे. अंगठ्याने ढकलली तर जागेवर गोल फिरली.

"माझीच चूक," ती सरळ म्हणाली. "बटण तुटलेला शर्ट मी कधी परत देत नाही, आणि इथे गंजकी क्लिप लावली."

नवी क्लिप घालून आवळली. चाकं परत वर, स्टिअरिंग परत या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकं खाली. मग मावशीने मुलालाच सांगितलं, चावी फिरव.

इंजिन लागलं. कण्हणं नाही, किंचाळणं नाही. मुलाने सवयीने दोन्ही हातांनी जोर लावला आणि स्टिअरिंग लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं, तोच सीटवर कलंडला. सून तोंडावर हात धरून हसली. त्याने मग एका बोटाने फिरवलं. डावीकडे. उजवीकडे. मग गाडी बंद करून खाली उतरला.

"अंगणच वाकडं होतं आई," तो म्हणाला.

मावशी परातीतलं काळं तेल डब्यात ओतत होती. म्हणाली, "माझे हात कधी थकले ते मला कळेल. ते मी सांगीन. तू सांगायचं नाहीस."

त्याने खिशातून फोन काढला आणि ड्रायव्हरला येऊ नकोस म्हणून कळवलं. सोमवारी सकाळी मावशी दवाखान्याच्या फाटकातून अशी आत गेली की वॉचमन बाजूला झाला. दुपारी जाऊन तिने व्हॅनवरचा मुलाचा नंबर खोडून स्वतःचा रंगवून घेतला.

त्यानंतर बरीच वर्षं चालवली तिने. नंतर तर सुनेलाही शिकवली, शेजारी बसून, ओरडत. मुलाने परत कधी तो विषय काढला नाही. काढायची पाळीच आली नाही.

कारण मग एका सकाळी अंगणात पडदा पिळत होते, मावशी एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला. पीळ चढत गेला आणि टोक मावशीच्या हातातून सुटलं. पाणी तिच्या तोंडावर उडालं. सून आता सांगते, मी मुद्दाम ढिलं धरलं होतं हो, तरी त्यांचंच सुटलं. सून घाबरून म्हणाली ओला होता आई, निसटला. मावशी चेहरा पुसत हसली. पडदा झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले, आत गेली आणि बाहेर येऊन व्हॅनची चावी सुनेच्या ओल्या हातात ठेवली.

"पंप चांगला आहे," ती म्हणाली. "या वेळी हातच आहेत."

आता व्हॅन सूनच चालवते. शेवटी मावशीला त्या दवाखान्यात तिनेच नेलं, त्याच फाटकातून. मावशी बाजूच्या सीटवर टेकून बसली होती, बोलवत नव्हतं. वळण आलं तेव्हा सून सांगते की तिने मान वळवून स्टिअरिंगकडे पाहिलं. सुनेने एका बोटाने वळवून दाखवलं, आणि मावशीने मान डोलावली, धुतलेली चादर उजेडात धरून, डाग राहिला नाही ना बघून, पास करायची तशी.