पुजलेलं इंजिन

मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि प्लास्टिकच्या ब्लॉकच्या आगगाड्या बनवतो. ऑफिसात हे मी कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मुलं केवढी आहेत? मुलं नाहीत. गाड्या माझ्याच आहेत. लालबागच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर रूळ मांडलेले असतात, आणि पानं घ्यायची वेळ झाली की ते उचलायचे, ही बायकोशी झालेली तडजोड.

बाबा आमच्याकडेच राहतात. वीस वर्षं गिरणीत फिटर होते. साचेखात्यातला कुठलाही साचा, म्हणजे माग, सुटा करून पुन्हा जोडायचे. घरात अजून मालवणीच बोलतात. रोज संध्याकाळी टेबलापाशी येऊन एकच प्रश्न असायचा, "झालो काय रे तुझो खेळ?"

त्या 'खेळ'नं माझं डोकं फिरायचं. अहो, आत मोटर आहे, गिअर आहेत, वळणावर डबे घसरू नयेत म्हणून तीन-तीन आठवडे झटलोय, यात खेळ कुठून आला? पण हे सगळं मनातल्या मनात. मला त्यांच्याकडून एवढंच हवं होतं, की एकदा तरी माझ्या गाडीला त्यांनी यंत्र मानावं. या वयात बापाकडून शाबासकी हवी असणं लाजिरवाणं आहे, पण हवी होती, खोटं कशाला बोलू.

एकदा जाता जाता ते थबकले आणि म्हणाले, "पाठचा चाक घासता." इंजिन उलटं करून पाहिलं तर खरंच, आसात केस गुंतला होता. मी केवढा खूश. आता काहीतरी विचारतील म्हणून वाट बघत बसलो, तर ते आंघोळीला गेले. याचा अर्थ काय लावायचा, मला काही कळेना.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माटुंग्याच्या एका हॉलमध्ये आम्हा हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. मी एक पांढरंशुभ्र इंजिन केलं होतं, डिझाइन माझंच. पांढरे ब्लॉक पिवळे पडतात, म्हणून एकेक निवडून घेतलेला. बाबा पहिल्यांदाच म्हणाले होते की मी पण येतो. शर्ट इस्त्री करून ठेवला होता त्यांनी.

दसऱ्याला सकाळी मी दादरहून झेंडू घेऊन आलो. देव्हाऱ्यापुढे पाट मांडलेला. त्यावर बाबांचा जुना पाना, पकड, बायकोची कात्री, माझा लॅपटॉप, आणि मध्ये माझं इंजिन. सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावलेलं, वर फूल, अक्षता.

गिरणीतला दसरा मला माहीत होता. त्या दिवशी साचे धुऊन पुसून हार घालायचे आणि घरच्यांना आत सोडायचे. सहा वर्षांचा असताना बाबांचं बोट धरून मी गेलो होतो. ते डोळे मिटून साच्याला कुंकू लावत होते, ते मी पाहिलं होतं. आणि तरी त्या सकाळी यातलं काहीही मला आठवलं नाही. मला फक्त डाग दिसला. गिअरमध्ये अडकलेला तांदळाचा दाणा दिसला.

मी इंजिन उचलायला गेलो.

"आज हात लावू नको," बाबा म्हणाले. "पुजलेला आसा."

"बाबा, उद्या प्रदर्शन आहे. आज चालवून बघायलाच हवं."

"आमचे साचे पण दसऱ्याक बंदच."

माझा तोल गेला. म्हटलं, "साचा नाहीये तो. खेळणं आहे, बाबा. साधं खेळणं आहे."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी काय बोलून बसलो ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. बाबा "बरा" म्हणाले. पंच्याचं टोक ओलं केलं आणि स्वतः लावलेलं कुंकू स्वतःच पुसलं, हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यातून. तांदळाचा दाणा नखानं काढला. मग इंजिन माझ्या हातात दिलं. थोडी गुलाबी झाक राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, गुडघा दुखतोय, तू जा. दुखतही असेल, मला काय माहीत. हॉलमध्ये गाडी झकास पळाली. एकानं विचारलं, ही गुलाबी छटा कशी आणली, मस्त दिसतेय. मी गाडी पुढच्या फेरीला सोडली.

त्यानंतर वर्षभर संध्याकाळी त्यांनी काही विचारलं नाही. टेबलाला वळसा घालून गॅलरीत जायचे. बाकी सगळं नेहमीसारखं: चहा, पेपर, माझ्या पोटाच्या घेरावरून टोमणे. रागावलेत म्हणावं तर रागावल्याची एक खूण नाही. माफी मागावी तर आमच्या घरात बापाची माफी मागायची रीतच नाही, शब्द कुठून आणू? की त्यांच्या कधीच लक्षातून गेलंय आणि मीच उगाच कुढतोय? बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही दोघं सारखेच."

शेवटी मागच्या दसऱ्याला मीच पाट मांडला. पाना, पकड, कात्री, लॅपटॉप ठेवला, आणि पान्याला लागून ते इंजिन. हळदकुंकवाची वाटी बाबांच्या हातात दिली आणि बाजूला बसलो.

त्यांनी पान्याला कुंकू लावलं. पकडीला, कात्रीला, लॅपटॉपला लावलं. इंजिनापाशी बोट थांबलं. मग कोरड्या हातानं त्यांनी ते अलगद उचललं, सदऱ्याच्या बाहीनं वरची धूळ पुसली आणि पाटावरून उतरवून खाली, माझ्या बाजूला ठेवलं. आवाजात राग अजिबात नव्हता, मी नीट ऐकलं.

"ह्येका नको," ते म्हणाले. "डाग पडतलो."