बिनग्रिलची खिडकी

आमच्या इंद्रलोक कॉलनीतल्या बिल्डिंगमध्ये ग्रिल नसलेली एकच खिडकी होती, समोरच्या काकांची. दारही दिवसभर सताड उघडं. एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्बर विमानात नेव्हिगेटर होते. विमान पडलं आणि वर्षभर पाकिस्तानच्या कैदेत होते. हे काकूंनी सांगितलं. काका चकार शब्द काढत नसत.

चोऱ्या वाढल्या तेव्हा काका गावाला गेलेले असताना सोसायटीने त्यांच्याही खिडकीला ग्रिल ठोकलं. परत आल्यावर काका हॅक्सॉ घेऊन बसले. मी मदतीला गेलो, तर नको म्हणाले. तीन दिवस हा हट्टी माणूस एकटाच गज कापत होता.

सेक्रेटरी ओरडला, "अंकल, चोर घुसेगा तो?"

हात न थांबवता काका म्हणाले, "घुसने दो. बाहर भी तो निकल पायेगा."