बॉनेटवरचं नाव

अंबाडी गावच्या गॅरेजात मेकॅनिकने थिनरचा बोळा बॉनेटवर फिरवला. निळ्या रंगाखालून लाल रंग निघाला आणि लालवर पिवळी अक्षरं दिसली: ‘हरेश’. माझा मोठा भाऊ. म्हणजे भंगारवाल्याकडून मी घासाघीस करून आणलेला हा ट्रॅक्टर आमचाच होता.

थिनरच्या वासाने मला वडपे गावातल्या आमच्या जुन्या अंगणात नेलं. नवाकोरा ट्रॅक्टर, चाकासमोर फोडलेला नारळ, झेंडूची माळ. पेंटरने दादाचं नाव काढलं आणि ब्रश पुसत विचारलं, “आणि धाकट्याचं?”

बाबा म्हणाले, “जागा कुठं हाय? त्याचं पुढच्या ट्रॅक्टरवर टाकू.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण मला ते वचन वाटलं होतं. पुढचा ट्रॅक्टर आलाच नाही. नांगरणीला या सीटवर मात्र मीच बसायचो; दादाला धूळ सोसत नसे. शेतात गोदामं उभी राहिली, तेव्हा त्याने मला न विचारता ट्रॅक्टर विकून टाकला.

“शेठ, आता तुमचं नाव टाकू ना?” मेकॅनिकने विचारलं.

“नको. तेच पुन्हा ठळक काढ,” मी म्हणालो. “कोणी विकला ते गावाला वाचता येऊ दे.”