चुकलेल्या अंदाजाची चिक्की

भोईवाड्यातल्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकायचं तर आधी चुकायची तयारी लागते. माया गमरेबाईंचा तसा दंडकच आहे. प्रयोगाचं सामान मांडून झालं की बाई हाताची घडी घालून उभ्या राहतात. "काय होईल? आधी अंदाज सांगा, मग मी हात लावते." ज्याचा बरोबर येईल त्याला शाबासकी, तीही कोरडी. ज्याचा चुकेल त्याने बाकावर चढून "माझा अंदाज चुकला!" असं खणखणीत ओरडायचं आणि बाईंच्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की खायची. चिक्कीच्या लोभाने मुद्दाम चुकणारे लबाडही असतातच. बाई त्यांना एवढंच विचारतात, "तुला असं का वाटलं?" आणि लबाडाची बोबडी वळते.

ही रीत बाईंच्या वडिलांची. कोंडीराम गिरणीत कामाला, शिक्षण चौथीपर्यंत, पण प्रश्न विचारायची हौस दांडगी. लालबागच्या चाळीत नळाला पाणी आलं की छोट्या मायाला विचारायचे, "खाली तळमजल्यावर धार जोरात, आणि आपल्याकडं तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी. का गं?"

माया म्हणाली होती, "खालचे लोक भांडखोर आहेत म्हणून."

वडील पोट धरधरून हसले आणि खिशातली चिक्की काढून तिच्या हातावर ठेवली. "चुकलीस म्हंजे डोकं चालवलंस. जो चालवत नाय, तो चुकणार कसा?" पुढे पुस्तकात पाण्याचा दाब आला तेव्हा बाईंना तो घरचाच वाटला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, चिक्की मात्र अजून त्याच दुकानातून येते.

या महिनाअखेरीला बाई निवृत्त व्हायच्या होत्या. निरोपाच्या शालीचं आणि नारळाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. मनात सलत होती ती एकच गोष्ट, आकांक्षा परब. चिंचपोकळीहून येणारी ही पोरगी पेपरात पैकीच्या पैकी मिळवायची, पण वर्षभरात तिने एक अंदाज सांगितला असेल तर शपथ. बाईंनी गोडीत विचारून पाहिलं, दरडावूनही पाहिलं. उत्तर ठरलेलं, "माहीत नाही, बाई." एकदा वर्ग सुटल्यावर मात्र ती पुटपुटली, "चुकलं की सगळे हसतात."

"हसू देत की! वर चिक्की मिळते."

"मला नको."

आयुष्यभर पोरांना बिनधास्त चुकायला शिकवलं आणि ही एक पोर हातून तशीच जाणार, याचं बाईंना मनापासून वाईट वाटत होतं.

नोकरीतल्या शेवटच्या तासाला बाई वर्गात आल्या तर एका बाकाच्या दोन पायांखाली विटा. बाकाची घसरगुंडी झालेली. शेजारी सम्यक उभा, वर्गातलं सगळ्यात आगाऊ कार्टं.

"बाई, आज प्रयोग आमचा. अंदाज तुम्ही सांगायचा. नेहमी आम्हीच काय बाकावर चढायचं?"

वर्गाने एकच कल्ला केला. सम्यकने तीन सारख्या बाटल्या काढल्या. एक पाण्याने काठोकाठ, दुसरी वाळूने ठासून भरलेली, तिसरी रिकामी. "पाण्याची आणि वाळूची एकदम सोडतो. पहिली कोण?"

बाई हसल्या. "अरे, गॅलरीतून दगड आणि खोडरबर टाकलं होतं ना आपण? जड काय नि हलकं काय, एकदमच पोचतात. दोघी एकदम!"

सम्यकने दोन्ही बाटल्या उतारावर आडव्या ठेवल्या आणि त्यांच्यापुढे धरलेली पट्टी उचलली. पाण्याची बाटली सुळकन पुढे गेली, वाळूची मागून आली. पुन्हा सोडल्या, पुन्हा तेच. बाईंवर हसायचं की नाही, कोणालाच कळेना.

बाईंनी पदर खोचला, सम्यकच्या खांद्याचा आधार घेतला आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्याला न जुमानता शेजारच्या बाकावर चढल्या. "माझा अंदाज चुकला!" शेजारच्या वर्गातून मान डोकावेल एवढा आवाज. मग पोरं हसली, आणि सगळ्यात जास्त बाई हसल्या. डब्यात चिक्कीचा एकच तुकडा उरला होता. त्याचा त्यांनी तिथेच लचका तोडला.

"थांबा, असं का झालं?" बाकावर बसून चघळत त्या म्हणाल्या. "वाळू ठासलेली. बाटलीबरोबर तिलाही गरगर फिरावं लागतं. पाणी आत निवांत, नुसतं पुढे सरकतं. मी पडण्याचाच विचार केला रे, फिरण्याचा केलाच नाही."

"मग आता वाळूची आणि रिकामी," सम्यक म्हणाला. "कोण जिंकेल?"

"रिकामी."

सगळ्या माना मागे वळल्या. आकांक्षा उभी होती.

"तुला असं का वाटलं?" बाईंनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"आत फिरवायला काही नाहीच ना, म्हणून."

पोरीने बाईंच्याच बोलण्याचा धागा धरला होता, आणि ती चुकत होती. रिकाम्या बाटलीचं सगळं वजन बाहेरच्या कवचात, आणि फिरताना कवचालाच सगळ्यात जास्त धावावं लागतं. ती मागेच राहणार. आजच्या दिवस निसर्गाने नियम जरा वाकवावा, असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

निसर्ग कसला ऐकतोय! वाळूची बाटली आधी पोचली.

सम्यकने तोंड उघडलं, पण बाईंनी डोळे वटारताच मिटलं. आकांक्षाचा चेहरा उतरला. तिने दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंच्या ओठाला अजून गूळ चिकटलेला होता. तिने चपला काढल्या आणि बाकावर चढली. पहिल्यांदा ती नुसतीच पुटपुटली. दुसऱ्यांदा मात्र सगळ्या मजल्याला ऐकू गेला.

"माझा अंदाज चुकला!"

मग हात पुढे करून म्हणाली, "बाई, माझी चिक्की?"

डबा रिकामा होता. बाईंच्या हातात होता तो अर्धा तुकडा, दातांच्या खुणांसकट. "उष्टी आहे गं माझी," त्या ओशाळून म्हणाल्या.

"चालेल."

बाईंना रडू आवरलं नाही. त्या सरळ सगळ्या वर्गासमोर रडल्या. आकांक्षाला ते बघायला सवड नव्हती. गालात चिक्की धरून ती सम्यकच्या हातातली रिकामी बाटली ओढत होती. "पण ही हरली का रे? दे इकडे, परत सोडू."