वरवंटा शूटिंगला गेलाय!

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. माळ्यावर रिकाम्या बाटल्या साठतात, तसे ते साठतात. टाकून द्यावेत म्हटलं की नेमकं कोणीतरी हळदीकुंकवाला विचारतं, "अगं, ते सिनेमाचं सांग ना!"

तर सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमचं बायकांचं हौशी नाटक मंडळ होतं. पुण्यात सिनेमाचं शिकून आलेला विनायक नावाचा तरुण आमच्याकडे आला. त्याला भीतीचा सिनेमा काढायचा होता, पण भूत नाही, रक्त नाही. एका बाईचं पहिलं मूल गेलंय. दुसरं होतं, आणि तिला हळूहळू वाटू लागतं की पाळण्यातलं हे मूल आपलं नाहीच. बस्स, एवढीच गोष्ट.

आईचं काम मलाच मिळणार, यात मला शंका नव्हती. मंडळातली मुख्य नटी मी. शिवाय कडेवर आठ महिन्यांची मंजू होती, म्हणजे अनुभवही ताजा!

* * *

निवडीसाठी विनायकने कापडात गुंडाळलेली उशी प्रत्येकीच्या हातात दिली. "हे तुमचं बाळ. काहीही करा."

मी अंगाई म्हटली, पापे घेतले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग गिरिजाची पाळी आली. गिरिजा मंद्रूपची, आमच्यात सगळ्यांत नवीन. तिने उशी टेबलावर ठेवली, भिंतीपर्यंत मागे सरकली आणि नुसती बघत राहिली.

"ह्याच!" विनायक म्हणाला.

"अहो, मुलाशी असं वागतात का कधी?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्हाला बघून मला झोप आली. ह्यांना बघून उडाली."

गिरिजाचं पहिलं बाळ महिन्याभराचं होऊन गेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. एरवी मला तिचं फार वाईट वाटायचं. त्या दिवशी अजिबात वाटलं नाही! तिचं दुःखसुद्धा माझ्या अभिनयापेक्षा भारी ठरलं, एवढंच डोक्यात बसलं.

मला शेजारणीचं काम मिळालं. वाक्य एकच: "दूध उतू गेलं वाटतं!"

* * *

शूटिंग रेल्वे लाइन्समधल्या एका भाड्याच्या बंगल्यात होतं. गिरिजाने खिडकीशी बसून पाळण्याकडे बघायचं, असा शॉट होता. ती बघतेय, कॅमेरा चालूय. ती बघतेच आहे!

दिवे धरणाऱ्या यल्लप्पाला शेवटी राहवलं नाही. "सायेब, बाई कायच करंनात की! फिलम वाया चाललीय!"

"त्या विचार करताहेत," विनायक म्हणाला.

"आमच्या घरात असा इचार केला तर भाकरी जळत्यात ओ!"

सगळ्यांत मोठ्याने मी हसले. शॉट बिघडला म्हणून जरा बरंही वाटलं. पण गिरिजाची पापणीसुद्धा हलली नव्हती. विनायकने तोच शॉट ठेवला, फक्त आवाज काढून टाकला.

* * *

मग मीही घरी सराव सुरू केला. उद्या गिरिजा आजारी पडली तर? माणसाने तयार असावं! स्वयंपाकघरात उभी राहून मी भिंतीकडे तसंच एकटक बघायचे.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हातावर ओवा ठेवला. "चावून खा. पोट साफ झालं की बरं वाटंल."

* * *

एका शॉटमध्ये रिकामा पाळणा हलवायचा होता. एकही बाई दोरीला हात लावेना. रिकामा पाळणा कोणी हलवतं का? विनायकने विज्ञान समजावून सांगितलं. चहा करणाऱ्या पार्वताबाई त्याच्यावरच खेकसल्या, "तुझं लगीन व्हायचंय अजून. गप बस!"

त्यांनीच तोड काढली. बारशाला पाळण्यात बाळाआधी वरवंटा घालतात ना, तसा घालायचा. बंगल्यात वरवंटा नव्हता, म्हणून माझ्या घरून आणला. त्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली, पाळण्यात निजवला. कॅमेरा सुरू झाला, पाळणा हलला आणि आम्ही सगळ्या जणी सवयीने एका सुरात बारशाचा पाळणा गायला लागलो!

"कट! कट! अहो, हा भीतीचा सिनेमा आहे!"

पण वरवंटा त्याला फार आवडला. आई कुंची उलगडते आणि आत दगड निघतो, असा सीनच त्याने घातला. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "चटणी का नाही वाटली?"

"वरवंटा शूटिंगला गेलाय."

सिनेमात तो माझ्यापेक्षा जास्त वेळ दिसतो. आता दगडावर जळायचं म्हणजे हद्द झाली, पण जळले!

* * *

शेवटच्या दिवशी किंकाळीचा सीन होता. गिरिजाने तोंड उघडलं, चेहरा असा की यल्लप्पाने मान फिरवली. पण आवाजच फुटेना. विनायक म्हणाला, "चेहरा ह्यांचा राहू दे. आवाज वहिनींचा घेऊ."

अखेर माझी पाळी आली! मागच्या खोलीत टेपरेकॉर्डर लावला. मंजू किरकिर करत होती. मंडळातल्या सगळ्यांकडे फिरून आली, पण रडं थांबेना. उरली एकटी गिरिजा. बाळ गेल्यापासून तिने कुणाचं मूल हातात घेतलं नव्हतं. घाईत मी मंजूला तिच्याकडे दिलं आणि आत गेले.

पहिली किंकाळी मारली. "वहिनी, ही भाजीवाल्याला मारलेली हाक झाली," विनायक म्हणाला.

दुसरी मारली. "आता उंदीर दिसला."

मला रडू यायला लागलं. मी खिडकीबाहेर बघितलं. व्हरांड्यात गिरिजा सावकाश झुलत होती, कानडीत काहीतरी गुणगुणत. मंजू तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. माझ्याकडेसुद्धा ती इतकी शांत कधी झोपली नव्हती. तिच्या मुठीत गिरिजाचा पदर घट्ट धरलेला होता.

आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

टेपवाल्याने कानावरचे हेडफोन ओढून काढले. "हीच," विनायक पुटपुटला, "हीच पाहिजे होती."

बाहेर गिरिजाने मंजूच्या कानावर तळहात ठेवला. खिडकीतून माझ्याकडे बघत ती अगदी शांतपणे म्हणाली, "हळू की ओ वैनी. पोर झोपलीय माझी."